धयकालो साडेबाराक आटपूचो काय?

सड्यावरचा

आज २७ मार्च, जागतिक रंगभूमी दिन. सकाळपासून मोबाइलवर हसऱ्या-रडक्या मुखवट्यांची चित्रं येऊन पडताहेत. १९६२ साली हा दिवस पहिल्यांदा साजरा झाला तेव्हा फ्रेंच कवी-नाटककार जाँ कोक्तोने संदेश लिहिला होता, २००२ साली आपल्या गिरीश कर्नाडांनी. ते सगळं छान आहे, पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललंय.

आमच्या गावची (वेंगुर्ला तालुका, नाव नको) जत्रा मार्गशीर्षात झाली. हिशेबाच्या बैठकीत तरुण मंडळींनी विषय काढला, की पुढच्या वर्षीपासून दशावतार (आमच्या बोलीत धयकालो) नऊला सुरू करून साडेबाराला आटपायचा. कारणं काही खोटी नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं, चाकरमान्यांना परतीची गाडी धरायची असते, पोरं अकरानंतर पेंगतात. दोन वाजता रिकाम्या दिसणाऱ्या खुर्च्यांचे फोटोही कुणीतरी ग्रुपवर टाकले. निर्णय हनुमान जयंतीच्या बैठकीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. माझा विरोध आहे.

पालखीची प्रदक्षिणा झाली की खेळ सुरू होतो आणि उजाडताना दहीहंडी फुटते. या दोन टोकांच्या मध्ये जी रात्र असते तीच दशावतार. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, मग वेद पळवणारा संकासुर. तो काळा संकासुर मालवणीत बोलायला लागला की गावातला कुठलाच माणूस सुरक्षित नसतो. कुणाच्या पंपाचं बिल थकलंय, कुणी पाणंद अडवलीय, सगळं त्याला संध्याकाळच्या चहाबरोबर कळलेलं असतं. त्यानंतर आख्यान. पडदे नाहीत, सेट नाही, एक बाकडं आणि त्यावर चादर. इंद्राचा दरबार तिथेच, कैलासही तिथेच.

हे साडेतीन तासांत बसवता येईलच. पण प्रेक्षकाची सोय हेच माप धरलं, तर जगातली कितीतरी नाटकं केव्हाच बंद व्हायला हवी होती. काशीजवळच्या रामनगरची रामलीला एकतीस दिवस चालते. वीज नाही, माइक नाही, पेट्रोमॅक्स आणि मशाली. अयोध्या एकीकडे, जनकपूर दुसरीकडे, लंका तिसरीकडे, आणि प्रसंग बदलला की हजारो माणसं रामाच्या मागोमाग चालत जातात. बव्हेरियातल्या ओबरआमरगाऊ गावाने १६३३ साली प्लेगच्या साथीत नवस बोलला, की आम्हाला वाचव, आम्ही दर दहा वर्षांनी येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक करू. १६३४ मध्ये पहिला प्रयोग केला आणि आजही करताहेत. २०२० चा प्रयोग कोविडमुळे हुकला, तर तो २०२२ मध्ये केला, पण फेडला.

तर बोला. तुम्ही देशोदेशी काय काय पाहिलंय? आणि आमच्या बैठकीत मी काय मांडू?

तिठा

नऊक सुरू करतलास तर पालखी कितीक भायर काढतलास? देवाक पण सांगा, वायच लवकर आटप म्हणून.

बोटीवरचो

तिठा, 😄

सड्यावरचा, मी तीस-पस्तीस वर्षं बोटीवर काढली. बंदरात जहाज लागलं की बाकीचे बाजारात, मी नाटकाचं थेटर शोधत. भाषा कळायची नाही, पण जत्रेत झोपेतून उठून युद्ध बघितलेल्या माणसाला भाषेचं एवढं अडत नाही.

तोक्योच्या काबुकीझामध्ये एक भारी सोय आहे. सबंध खेळाचं तिकीट नको असेल तर एकाच अंकाचं मिळतं, वरच्या मजल्यावरचं. मी तिथे बसलो होतो. रंगमंचापासून प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकापर्यंत एक लाकडी वाट जाते, तिला हानामिची म्हणतात. नट त्या वाटेवरून थेट लोकांच्या मधून येतो. अर्ध्या वाटेवर थांबतो, मान फिरवतो, डोळे तिरके करून गोठल्यासारखा उभा राहतो. आणि नेमक्या त्या क्षणी माझ्या मागून एक म्हातारा ओरडला. मला वाटलं भांडण झालं. मग कळलं, तो त्या नटाच्या घराण्याचं नाव पुकारत होता. त्याची वेळ ठरलेली असते. अर्धा श्वास चुकला तर आजूबाजूचे लोक वळून बघतात. ओरडणारे जाणकार बहुधा मागे, वरच बसतात. आपल्याकडे राजाची एंट्री झाल्यावर मागच्या फणसाखालून शिट्टी येते, तिचीच ही शिस्तीत वाढलेली चुलत बहीण म्हणा.

आणखी एक बघितलं. नायिका रडत असताना काळ्या कपड्यातला, तोंड झाकलेला माणूस सगळ्यांदेखत येऊन तिच्या मागे स्टूल ठेवतो आणि जातो. तो दिसत नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं. आपल्याकडे चालू दरबारात चहाचा कप घेऊन येणारा पोरगा असतो, त्याला मात्र काळे कपडे नसतात, आणि राजा त्याला ‘साखर कमी’ म्हणून सांगतो.

लंडनला ग्लोब थिएटरलाही गेलो. मूळचं १५९९ चं. १६१३ साली खेळात तोफ उडवताना छपराच्या गवताला आग लागली आणि सगळं जळून गेलं, वर्षभरात पुन्हा बांधलं. आत्ताचं १९९७ मध्ये उघडलेलं. मधल्या अंगणाला छप्पर नाही, तिथे लोक उभे राहून बघतात, पूर्वी एक पेनी देऊन बघायचे. मी उभा होतो तेव्हा पाऊस आला. कुणी हललं नाही. छत्री उघडायला मनाई, मागच्याला दिसत नाही म्हणून.

अवांतर: तिकडे रंगमंचावर शिट्टी वाजवणं अशुभ. सांगतात असं, की पूर्वी पडदे-दोऱ्या ओढायला खलाशी ठेवत आणि त्यांचे इशारे शिट्टीवर चालत. कुणी मजेत शिट्टी घातली की वरून पडदा डोक्यात. खरं-खोटं तो समुद्र जाणे, पण आमच्या धंद्याचा माणूस तिथेही कामाला होता याचं बरं वाटलं.

पाणंद

धागा वाचून आनंद झाला, आणि थोडा रागही आला. कोकण म्हटलं की दशावतार. रत्नागिरी जिल्हा काय नकाशातून गळला का?

आमच्याकडे नमन-खेळे. शिमग्यात गावोगावी खेळे फिरतात. त्यांच्यातही संकासुर आहे, पण तुमच्यासारखा गप्पिष्ट नव्हे. काळा झगा, उंच टोकदार टोपी, तोंड झाकलेलं, कमरेला घुंगरं. लहानपणी त्याची छम-छम वळणावर ऐकू आली की आम्ही माजघरात. अंगणातल्या नमनात आधी देवदेवतांना नमन, मग गण, गवळण, त्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी आणि त्यांची ती आगाऊ मावशी (पुरुषच, मिशी नुकतीच काढलेली), आणि शेवटी वग. तोही पहाटेपर्यंत.

आणि हे सगळं मुंबईत जगलं. गिरणगावातल्या खोल्यांत तालमी झाल्या, परळच्या दामोदर हॉलला नमनं आणि शक्ती-तुऱ्याचे (सवाल-जवाबी गाण्यांचे) सामने रंगले. गावच्या वाडीची सभागृहाची पावती मुंबईच्या मंडळाने भरली. तिथे हॉल ठरावीक तासांचाच मिळायचा, म्हणून नमन तेवढ्या तासांत बसलं. नमन त्याने मेलं नाही. तेव्हा सड्यावरचा, वेळ कमी झाली की परंपरा संपली, हे मला पटत नाही.

पखवाजी

मी एका कंपनीत पखवाज वाजवतो. कुठच्या ते विचारू नका, सीझन चालू आहे.

बाहेरून बघणाऱ्याला रात्रभर म्हणजे मजा. आमचं गणित सांगतो. तुळशीची लग्नं झाली की पेटारा बाहेर पडतो तो पावसाच्या तोंडाला परत येतो. रोज नवीन गाव. ‘रात्रीचो राजा, सकाळी डोक्यार बोजा’ ही म्हण आमच्यावरूनच आली. पूर्वी खरोखर पेटारे डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालत जायचे. आता टेम्पो आहे, पण टेम्पोत झोप लागत नाही. दुपारी देवळाच्या पडवीत दोन तास पडायचं, तेवढ्यात कुणीतरी पोरं घेऊन राजा बघायला येतो. राजा लुंगीवर घोरत असतो.

लिहिलेलं नाटक नसतं. दुपारी जेवण झालं की नाईक, म्हणजे कंपनीचा प्रमुख, आख्यान सांगतो. कोण कुठच्या पार्टात, प्रवेश कुठचे, युद्ध कुणाचं कुणाशी. झालं. बाकी सगळं रात्री, उभ्या उभ्या. दोन चांगले नट समोरासमोर आले आणि शब्दाला शब्द द्यायला लागले की मी हात उचलून बसतो. त्यांचं कुठे संपणार ते त्यांनाही माहीत नसतं. एकाने वाक्याची शेवटची ओळ थोडी लांबवली, पेटीवाल्याने सूर धरला, की समजायचं पद येतंय. तो सूर आणि माझी थाप यांत फट पडली की बाकड्यावरचा राजा माझ्याकडे असा बघतो की युद्धाआधीच डोकं उडेल.

आता तुमचा प्रश्न. साडेबाराला आटपलं तर मला झोप मिळेल आणि पैसे तेवढेच मिळतील. मी नाही म्हणणार नाही. फक्त काय जातं ते ऐका. पहिला जातो आडदशावतार, ‘गणपती आणा, आरती करा, पुढे चला’. मग संकासुर दहा मिनिटांवर येतो. मग पदं कापली जातात. उरतं ते युद्ध आणि ट्रिकसीन. लोकांना ट्रिकसीन आवडतात, नाग येतो, धूर येतो, मुंडकं बोलतं. संयुक्त दशावतारात तर पाच कंपन्यांचे नावाजलेले कलाकार एका रात्रीत, टाळ्याच टाळ्या. वाईट नाही. पण नवीन पोरगा शिकतो तो दोन ते चारच्या मध्ये. त्या वेळी समोर म्हातारी माणसं आणि झोपलेली पोरं असतात, चुकलं तरी चालतं. साडेतीन तासांच्या खेळात त्याला कोण उभा करील?

कौलारू

पखवाजींच्या प्रतिसादाला साष्टांग.

हे न लिहिलेलं नाटक इटलीतही होतं. सोळाव्या शतकापासून दोनेकशे वर्षं कॉमेदिया देल्लार्तेच्या मंडळ्या गावोगाव फिरल्या. कथानकाचा नुसता आराखडा विंगेत टांगलेला असे आणि संवाद जागच्या जागी. पात्रं ठरलेली. कंजूष म्हातारा व्यापारी पांतालोने, पोपटपंची करणारा डॉक्टर, ठिगळांच्या कपड्यातला चलाख नोकर आर्लेकिनो. नट आयुष्यभर एकच मुखवटा घालायचा. मग अठराव्या शतकात गोल्दोनीने संवाद लिहून द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू ते सगळं छापील नाटकात जिरलं. आज तिकडे ते शिकवणाऱ्या शाळा आहेत. आपल्याकडे शाळेची गरज पडलेली नाही कारण पखवाजींचा दोन ते चारचा वर्ग अजून भरतो.

कारवारी

खाली आमच्याकडे हे भांडण कधीच होऊन गेलंय. यक्षगान, म्हणजे कर्नाटकातलं नाच-गाण्याचं लोकनाट्य, तेही पूर्वी रात्रभर. आता किनाऱ्यावरच्या बऱ्याच मेळांनी (मंडळ्यांनी) ‘कालमिती’ स्वीकारली, म्हणजे संध्याकाळी सुरू, मध्यरात्रीच्या आसपास बंद. ध्वनिक्षेपकाचा नियम, रस्ते, नोकऱ्या, सगळी तीच कारणं. सुरुवातीला जुने लोक चिडले. पण चंडे ढोलाचा आवाज ऐकून जी बाई पूर्वी घरूनच कान देत असे ती आता समोर येऊन बसते, कारण बारापर्यंत घरी परतता येतं. कटीलच्या देवीला यक्षगानाचा खेळ करवायचा नवस बोलणारे अजूनही आपली पाळी यायची वर्षानुवर्षं वाट बघतात. नवसाला तास मोजावे लागत नाहीत.

आणि नातं विसरू नका हां. १८४२ साली होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला गेली. तो खेळ बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं, आपल्या भाषेत काहीतरी कर. ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’ झालं, म्हणून तो मराठी रंगभूमी दिन. म्हणजे तुमच्या तिसऱ्या घंटेचा पहिला ठोका आमच्या बाजूने पडलाय.

तिठा

मानला कारवारी. पण दशावतार पण तुमच्याकडनाच इलो असा म्हणतत. आता मासे तेवढे आमचे ठेवा.

कौलारू

@तिठा, तो वाद मोठा आहे. श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ मध्ये कर्नाटकातून आणून राजापूरजवळच्या आडिवऱ्याला दशावतार सुरू केला, अशी एक गोष्ट सगळीकडे छापलेली सापडते. पण समर्थ रामदास त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकात, दासबोधात दशावतारी खेळातल्या सुंदर नारींचं वर्णन करून शेवटी लिहून गेलेत, ‘परी ते अवघे धटिंगण’. खेळ समर्थांना माहीत होता आणि स्त्रीपार्टही. तेव्हा १७२८ ही एका घराण्याची सुरुवात असेल, दशावताराची नव्हे.

शिरोड्याची सून

धटिंगणांचा विषय निघालाच आहे तर बोलते.

आमच्याकडे स्त्रीपार्ट करणारे कलाकार असे आहेत की नऊवारीचा काष्टा कसा घालावा ते बायकांनी त्यांच्याकडून शिकावं. मी एकदा पडवीच्या कोपऱ्यात एकाला तयार होताना पाहिलं. पेटाऱ्याला आरसा टेकवलेला, एक पिवळा दिवा. तोंडाला सफेदा लावून होईपर्यंत तो शेजाऱ्याशी काजूच्या भावावर बोलत होता. भुवई कोरली, कुंकू लावलं, नथ अडकवली, आणि मग त्याने पाण्याचा तांब्या उचलला तो वेगळ्याच हाताने. मनगट आधी वळलं, मग बोटं. काजूचा भाव मात्र चालूच होता. ही कला मोठी आहे याबद्दल माझा वाद नाही.

जपानची गोष्ट बोटीवरच्यांनी अर्धीच सांगितली. काबुकी सुरू केली तीच मुळी एका बाईने. क्योतोच्या नदीकाठच्या कोरड्या वाळूत, १६०३ च्या सुमारास, इझुमोच्या ओकुनीने. १६२९ मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी घातली आणि मग पुरुषांनी स्त्रीपार्टाची एवढी मोठी परंपरा उभी केली. शेक्सपिअरच्या नायिकाही पोरगेच करायचे. बालगंधर्वांची साडी बघून पुण्या-मुंबईच्या बायका साड्या घेत होत्या. ज्यांची नक्कल चालली होती त्या सगळीकडे माजघरात. त्याच जपानात १९१४ पासून ताकाराझुका या नाटक मंडळीच्या मुली पुरुषांच्या भूमिकांसकट सगळं नाटक स्वतः करताहेत आणि त्यांच्या नायकांवर मरणाऱ्याही बायकाच. आपल्याकडेही आता महिलांचे दशावतारी प्रयोग होतात, ते बघायला पुरुष येतात आणि ‘बरा करतत’ म्हणून जातात.

आता रात्रभराबद्दल. सड्यावरचा, दोन वाजता खुर्च्या रिकाम्या होतात असं तुम्ही लिहिलंत. कुणाच्या खुर्च्या, ते बघितलंत? बायका उठून जातात. नाटक कंटाळवाणं झालं म्हणून नव्हे. देवळाच्या आवारात रात्री जायला एक धड संडास नाही म्हणून. पुरुषांना माड पुष्कळ आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दर जत्रेला संध्याकाळपासून पाणी न पिता बसते. परंपरेवर भाषणं सगळे करतात, या विषयावर बैठकीत कुणी तोंड उघडत नाही कारण बैठकीत आम्ही नसतो.

पाणंद

+१००. शिमग्याला आमच्याकडेही हेच.

बोटीवरचो

शिरोड्याच्या ताई, खरं बोललात. वाचून गप्प बसलो.

गजालीकर

ध्वनिक्षेपकाचा मुद्दा कारवारींनी काढला म्हणून. २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे कागदावर तुमचा साडेबाराचा खेळही शेवटचा अर्धा तास अडकतोच. मग रामनगरसारखं माइकशिवाय का करू नये? तिथे संवाद सुरू व्हायच्या आधी व्यास, म्हणजे तिथला सूत्रधार, ओरडतो, ‘चुप रहो, सावधान!’ आणि सगळं मैदान शांत होतं म्हणे.

पखवाजी

गजालीकर, कल्पना चांगली आहे. आमच्या जुन्या नटांचे गळे तसे होते, माळावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जायचं. पण तेव्हा जत्रेत जनरेटर नव्हता, आइस्क्रीमवाल्याचं गाणं नव्हतं, पाळणा नव्हता. आधी त्यांना चुप रहो सांगा, मग मी पण बिनमाइकचा वाजवतो. पखवाजाला माइक लागतो असं कुणी सांगितलं?

खाजेवाला

आइस्क्रीमवाल्याक काय बोलूचा ता बोला. खाज्याच्या दुकानार येव नकात. रात्रभर खेळ नाय तर आमचो धंदो साडेबाराक बंद.

चित्रकथी_प्रेमी

पिंगुळीचं नाव अजून कुणी घेतलं नाही, आश्चर्य आहे. कुडाळपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जपला, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे दिव्यासमोर नाचवायच्या आणि लोकांनी पडद्यावर सावल्या बघायच्या. जावा बेटावर याचीच मोठी थोरली परंपरा आहे, वायांग. तिथला दलांग नावाचा एकटा माणूस रात्रभर मांडी घालून बसतो, सगळ्या बाहुल्या तोच हलवतो, सगळे आवाज तोच काढतो, मागच्या गामेलान वाद्यवृंदाला इशारेही तोच देतो. अर्जुन-भीम तिकडेही आहेत आणि मध्यरात्री विदूषक मंडळी येऊन गावच्या गोष्टींवर टोमणे मारतात. संकासुराचे पाहुणेच. लोक पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसतात, हवी ती बाजू निवडा.

तिथे लोक सबंध रात्र डोळे ताणून बघत नाहीत. झोपतात, उठतात, खातात, परत बघतात. आपल्याकडेही गोधडी घेऊन येणारे असतात. रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढणाऱ्याने बाजूच्या चटईवरच्या गोधड्या मोजल्या होत्या का?

पाणंद

सड्यावरचा, ओबरआमरगाऊचं उदाहरण तुम्ही दिलंत, तेच तुमच्यावर उलटवते.

त्या गावाने एक नवस सोडून बाकी काय काय बदललंय बघा. ज्यूंबद्दल विष पेरणारी जुनी वाक्यं गेल्या काही दशकांत पुन्हा पुन्हा काढून संहिता बदलली. लग्न झालेल्या आणि पस्तिशीच्या वरच्या बायकांना काम करायला बंदी होती, त्या बायका कोर्टात गेल्या आणि १९९० पासून ती बंदी उठली. खेळ आता दुपारी सुरू होतो आणि मध्ये जेवणाची लांब सुट्टी असते. जे बदललं नाही ते हे, की काम करणारा त्या गावात जन्मलेला हवा किंवा वीस वर्षं राहिलेला हवा. आणि आदल्या वर्षीच्या ॲश वेनस्डेपासून (ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या बुधवारपासून) केस-दाढी कापायची नाही, नाटकात खोटे केस चालत नाहीत. म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष गावातला सुतार, पोस्टमन, दातांचा डॉक्टर सगळे दाढीवाले. नाटक त्या दाढ्यांमधून आधीच सुरू झालेलं असतं.

तुमच्याकडची तशी गोष्ट कुठली? माझ्या मते पालखी, संकासुर आणि पहाटेची हंडी. या तिघांना हात लावू नका. मधल्या आख्यानाचं काय ते गावाने ठरवावं. आणि संडास बांधा.

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार. बैठक काल झाली, वृत्तांत देतो.

मी ओबरआमरगाऊ म्हटल्यावर निम्म्यांनी ‘खयचो गाव? दोडामार्गाकडचो?’ विचारलं. रामनगर मात्र लगेच पोचलं. तरुणांनी यक्षगानाचं कालमितीचं उदाहरण स्वतःच शोधून आणलं होतं, म्हणजे धागा वाचणारे आमच्यातही आहेत.

ठरलं ते असं. जत्रेची रात्र पूर्ण, पालखीपासून हंडीपर्यंत. आडदशावतार कापायचा नाही हे कंपनीला सुपारी देतानाच सांगायचं. ज्यांना लवकर हवं त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात ते दहा संयुक्त दशावतार, ट्रिकसीनसकट, त्याचा खर्च तरुण मंडळ उचलणार. माझा अजूनही त्या दुसऱ्या खेळाला थोडा विरोध आहे, पण मतं त्यांच्याकडे जास्त होती.

खर्चाच्या यादीत पहिली ओळ संडासाची आहे. पक्कं बांधकाम पुढच्या पावसाआधी होणार नाही, देवस्थानच्या जागेचा प्रश्न आहे, तोवर फिरते भाड्याने. ही ओळ वाचून दाखवली तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, इतकी वर्षं कुणी तक्रार केली नाही. मी इथला प्रतिसाद मोबाइलवरून मोठ्याने वाचला. माड येईपर्यंत सगळे हसत होते, पाण्याच्या वाक्याला थांबले.

शिरोड्याची सून

पुढच्या बैठकीला बायकांनाही बोलवा. मोबाइलवरून वाचायची वेळ येणार नाही.

आणि खुर्च्या कमी लावा, चटया जास्त. चित्रकथी_प्रेमी बरोबर बोलले.

खाजेवाला

दोन रात्री म्हणजे दोन दिवस दुकान. बरा झाला.

तिठा

ह्या सगळा ठीक. जत्रेक आख्यान खयचा?

पखवाजी

ता नाईक त्या दिवशी दुपारी सांगतलो. आत्ताच कसा सांगतलो?

तिठा

वायच इचारून बघ रे. मुंबयसून येवचा तर रजा टाकूक व्हयी.

पखवाजी

रजा टाक. भीम असलो तरी येतलस, नसलो तरी येतलस.